मुंबईत उतरायचं कुठे?

प्रश्न : ताई, आम्ही परभणीचे. दिवाळीनंतर पहिल्यांदाच मुंबई बघायला येतोय. मी, बायको, आई, नववीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. आईचे गुडघे दुखतात. देवगिरी एक्स्प्रेसनं सकाळी पोचायचं आणि दुसऱ्या दिवशी रात्री देवगिरीनंच परत. सिद्धिविनायक, गेटवे, समुद्र आणि राणीच्या बागेतले पेंग्विन एवढं ठरलंय. मेहुणा म्हणतो, अंधेरीला एअरपोर्टजवळ घ्या, फोटो झकास आहेत आणि स्वस्तही पडतं. राहण्यावर तीन हजारांपर्यंत खर्च करू शकतो. एखादं चांगलं हॉटेल सुचवाल का?

उत्तर : दादा, नाव नाही सुचवणार. फोर्टातल्या एका हॉटेलच्या काउंटरवर माझी बरीच वर्षं गेली. मॅनेजर बदलला की दोन महिन्यांत चादरींचा रंग कसा बदलतो ते मी जवळून पाहिलंय. आज मी नाव छापायचं आणि तुम्ही जाल तेव्हा तिथे वेगळीच माणसं असायची. हॉटेल कसं शोधायचं ते मात्र सविस्तर सांगते.

आधी मेहुण्याच्या अंधेरीचा निकाल लावू. चर्चगेटपासून अंधेरी २२ किलोमीटर. तुमची चारपैकी तीन ठिकाणं प्रभादेवीपासून दक्षिणेला, चौथा समुद्र. तो दादरलाही आहे आणि मरीन ड्राइव्हलाही. म्हणजे रोज सकाळी ऑफिसच्या गर्दीबरोबर दक्षिणेला जायचं आणि संध्याकाळी त्याच गर्दीबरोबर परत यायचं, तेही आईंना घेऊन. खोलीत वाचलेले पाचशे रुपये टॅक्सीत जातील आणि वर चिडचिड. ज्याला पहाटेचं विमान पकडायचंय त्याच्यासाठी ती हॉटेलं उत्तम आहेत. तुमच्यासाठी नाहीत.

तुमच्यापुढे खरे पर्याय दोन : दादर किंवा सीएसएमटी-फोर्टचा भाग.

दादरला मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे मिळतात, सिद्धिविनायक टॅक्सीनं जवळ, शिवाजी पार्क आणि चौपाटी हाकेच्या अंतरावर. जेवणाची तर चिंताच नाही, आपल्या चवीचं थालीपीठ, मिसळ, वरणभात सगळं मिळतं. एरवी पहिल्यांदा येणाऱ्या मराठी कुटुंबाला मी डोळे झाकून दादरच सांगते. फक्त ६ डिसेंबरच्या आसपास येणार असाल तर लक्षात ठेवा, चैत्यभूमीवर महापरिनिर्वाण दिनाला लाखो लोक येतात. त्या आठवड्यात दादरला खोली मिळणं अवघड आणि सामान घेऊन चालणं त्याहून अवघड.

पण तुमच्या बाबतीत मी सीएसएमटीकडे झुकते. गाडी तिथेच येते आणि तिथूनच सुटते, त्यामुळे बोजा घेऊन लोकलमध्ये चढायचा प्रसंगच येत नाही. दुसरं कारण म्हणजे मेट्रो ३. ऑक्टोबर २०२५ पासून ही भुयारी मेट्रो कफ परेडपासून आरेपर्यंत पूर्ण सुरू झाली. सीएसएमटीला बसायचं आणि थेट सिद्धिविनायक नावाच्याच स्टेशनला उतरायचं. लिफ्ट आहे, सरकता जिना आहे, गार हवा आहे. गुडघेदुखीच्या माणसाला लोकलच्या पुलापेक्षा हे कितीतरी बरं. राणीची बाग भायखळ्याला, सीएसएमटीहून टॅक्सीनं सरळ रस्ता. गेटवेही टॅक्सीच्या जवळच्या भाड्यात. रिक्षा शोधत बसू नका, या भागात रिक्षाला परवानगीच नाही. फोर्टाची एकच खोड सांगून ठेवते. हा कचेऱ्यांचा भाग, रविवारी निम्म्या खानावळी बंद असतात आणि संध्याकाळी सातनंतर काही गल्ल्या अगदी सुनसान होतात.

आता मुख्य मुद्दा, जो पत्रात कुणीच विचारत नाही. तुम्ही सकाळी सात-साडेसातला उतरणार. खोली कधी मिळणार?

बहुतेक हॉटेलांत चेक-इन दुपारी बारा किंवा दोनचं असतं. आमच्या काउंटरवर हा देखावा रोजचाच होता. विदर्भ, देवगिरी, सिद्धेश्वर, महालक्ष्मी अशा रात्रीच्या गाड्या सकाळी एकामागून एक येतात. दारातून कुटुंब आत येतं, बाबांच्या हातात बुकिंगचा मोबाइल, आई पदराला चेहरा पुसत उभी, मुलं बॅगांवरच पेंगलेली. आणि आम्ही हसून सांगायचं, ‘सर, रूम बारा वाजता.’ त्या बाबांचा चेहरा बघवत नसे. पैसे भरलेले, खोली समोर, आणि आंघोळीला जागा नाही. बुकिंगच्या पानावर वेळ लिहिलेली असते, पण फोटो बघण्याच्या नादात तिकडे लक्ष कुणाचं जातंय?

म्हणून ‘चोवीस तास चेकआउट’ असलेलं हॉटेल शोधा. मुंबईत स्टेशनांजवळच्या मध्यम लॉजमध्ये ही पद्धत अजून आहे. सकाळी आठला आत गेलात तर दुसऱ्या दिवशी आठपर्यंत खोली तुमची, एका दिवसाच्या भाड्यात. चकचकीत हॉटेलात हे मिळणार नाही. तिथे लवकर खोली हवी तर किती जास्त घेणार ते आधीच विचारा, अर्ध्या दिवसाचं भाडं सांगणारेही असतात. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत सामानाचं काय, हेही विचारून ठेवा. खोली सोडल्यावर बॅगा काउंटरमागे ठेवून घ्यायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. नाहीच तर सीएसएमटीला क्लोक रूम आहे, फक्त बॅगेला कुलूप हवं. तिथे रेल्वेच्या रिटायरिंग रूमही आहेत. कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीतून त्यांचं बुकिंग होतं आणि ठरावीक तासांसाठीही खोली घेता येते. नुसतं आंघोळ-पांघोळ आवरायला हे झकास, पण सुट्टीच्या दिवसांत लवकर भरतात.

दोन-तीन हॉटेलं निवडलीत की ॲपवरून पैसे भरण्याआधी फोन करा. माणसाशी बोला. पाच माणसं सांगा, मुलांची वयं सांगा. ‘फॅमिली रूम’ म्हणजे नक्की काय तेही विचारा, कारण पुष्कळ ठिकाणी ती नेहमीची डबल रूमच असते आणि रात्री जमिनीवर दोन गाद्या टाकतात. मुंबईतली खोली तुम्ही परभणीत कल्पना करताय त्याच्या निम्मी असते. फोटो कोपऱ्यात उभं राहून काढलेले असतात. त्यामुळे तीन हजारांत एकच खोली घेऊन पाचजणांनी कोंबून घेण्यापेक्षा थोडे वाढवून शेजारशेजारच्या दोन साध्या खोल्या घ्या. एसीचा आग्रह सोडलात तर बजेटमध्येही बसेल.

आईंसाठी दोन गोष्टी खास विचारा. कमोड आहे का? आणि लिफ्ट तळमजल्यापासून आहे का? फोर्टातल्या जुन्या इमारतींत हॉटेल दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असतं, खाली फक्त पाटी. फोनवर ‘हो, लिफ्ट आहे’ म्हणतात, पण लिफ्टपर्यंत पोचायलाच दहा-बारा उंच लाकडी पायऱ्या चढाव्या लागतात. ‘तळमजल्यापासून’ हा शब्द वापरूनच विचारा. मग खिडकी. आहे का, आणि उघडते कुठे? कधीकधी ती डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या बंद पोकळीत उघडते आणि सकाळ झालीय की नाही हेसुद्धा कळत नाही. गरम पाणी किती ते किती येतं, तेवढं एक.

भाडं विचारताना ‘टॅक्स धरून’ म्हणा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झालाय. आधी तो १२ टक्के होता. कुणी जुन्या सवयीनं बारा लावले तर शांतपणे बोट दाखवा.

ॲडव्हान्स मागितला तर तो हॉटेलच्याच नावावर जातोय ना, ते बघा. इंटरनेटवर हॉटेलच्या नावाखाली भलत्याच माणसाचा नंबर टाकून पैसे उकळणारे असतात. यूपीआयवर एखाद्या व्यक्तीचंच नाव आलं की थांबा. आणि स्टेशनाबाहेर कुणी ‘ते हॉटेल बंद झालं, चला दुसरं दाखवतो’ म्हणालं तर त्याच्याकडे न बघता पुढे चला. त्याला त्याचं कमिशन मिळवायचंय.

ओळखपत्र मोठ्या सगळ्यांचं लागतं, आईंचंही. पॅन कार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. आधारची झेरॉक्स द्यायची भीती वाटत असेल तर ‘मास्क्ड आधार’ काढून ठेवा. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात.

वार कुठले निवडताय? राणीची बाग बुधवारी बंद. घारापुरीची लेणी बघायची मुलांची ऐनवेळी इच्छा झाली तर ती लेणी सोमवारी बंद. सिद्धिविनायकाला मंगळवारी प्रचंड रांग. रविवारी दुरुस्तीसाठी लोकलचा मेगाब्लॉक. गुरुवार-शुक्रवार जमतात का बघा.

प्रश्न : माझ्या यजमानांना जळगावच्या डॉक्टरांनी टाटा हॉस्पिटलला पाठवलंय. मुंबईत कुणी ओळखीचं नाही. लोक म्हणतात धर्मशाळेत सोय होते. थेट तिथेच जावं का? — जळगाव

उत्तर : ताई, पहिल्या रात्रीसाठी नको. दादर पूर्वेला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे. दोन्हींकडे बाहेरगावच्या रुग्णांची आणि नातेवाइकांची सोय होते. पण अशा जागांना हॉस्पिटलचे कागद लागतात आणि जागा रिकामी असेलच असं नाही. म्हणून परळ किंवा दादर पूर्वेला एक रात्र साधी खोली घ्या, सकाळी हॉस्पिटलात नोंदणी करा आणि तिथल्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जाऊन राहण्याचं विचारा. त्यांच्याकडे कुठे जागा होईल याची माहिती असते. संकोच करू नका, त्यांचं ते कामच आहे.

खोली घेण्याआधी एक कागद नीट वाचा. तुमची तारीख परळची आहे की खारघरची? टाटाचंच ॲक्ट्रेक हे केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे आणि काही रुग्णांना तिकडे पाठवतात. परळला खोली घेऊन रोज हार्बर लोकलनं खारघरला जाणं आजारी माणसाला झेपणार नाही.

लॉजमध्ये आठवडाभराचे पैसे एकदम भरू नका. तपासण्यांचे दिवस पुढे-मागे होतात, रोजच्या रोज भाडं देईन म्हणून सांगा. खालच्या मजल्यावरची खोली मागा. जवळपास मऊ भात किंवा खिचडी कुठे मिळते ते काउंटरवरच्या पोराला विचारा. परळ भागातल्या मुलांना हे न सांगताही ठाऊक असतं, फाइल हातात दिसली की तेच पुढे होऊन सांगतात.

प्रश्न : मी कुडाळची, एकवीस वर्षांची. ऑनलाइन परीक्षेचं केंद्र मुंबईत पवईला आलंय, सकाळी साडेसातला हजर व्हायचंय. एकटीच येणार. बाबा म्हणतात दादरला राहा, ते सेफ. बरोबर आहे का?

उत्तर : अगं, दादर चांगलंच, पण सकाळी साडेसातला पवई म्हणजे तुला पाचला उठून नवख्या शहरात लोकल आणि रिक्षा शोधावी लागेल. परीक्षेला येतेस तर केंद्राजवळ राहा. पवई, कांजूरमार्ग, नाहीतर साकीनाका. तिथे रिक्षाही मिळतात. परीक्षेच्या आदल्या सकाळी पोचशील असा बेत कर आणि दुपारी केंद्राचं दार स्वतः बघून ये.

फोनवर आधीच सांग, ‘मी एकटी मुलगी आहे, रूम देता ना?’ काही लॉजवाले एकट्या मुलीला खोली देत नाहीत. रात्री नऊला दारात ते ऐकण्यापेक्षा दुपारी फोनवर ऐकलेलं बरं. मूळ ओळखपत्र जवळ ठेव. पैसे देण्याआधी खोली बघायला माग आणि आतली कडी स्वतः लावून बघ. खोलीचा नंबर काउंटरवर कुणी मोठ्यानं सांगू नये. आम्ही एकट्या बाईला तो चिठ्ठीवर लिहून द्यायचो. तिथे ती पद्धत नसेल तर तूच म्हण, ‘लिहून द्या.’ जिन्यालगतची खोली नको, काउंटरच्याच मजल्यावरची मिळाली तर उत्तम.

बाबांना सांग, तुतारी असो की कोकणकन्या, दादरपर्यंत जायचंच नाही. ठाण्याला उतर, सीएसएमटीकडे जाणारी धीमी लोकल पकड. मुलुंड, नाहूर, भांडुप आणि मग कांजूरमार्ग. लेडीज डब्यात चढ. जलद लोकल कांजूरला थांबत नाही, तेवढं फलकावर बघून घे. आणि स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पड, पवई त्या बाजूला आहे.