वही आपल्याच हातात ठेव

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन निविदा आल्या आहेत. सगळ्यांत स्वस्त निविदेत यार्डाचा माल उतरवून घेणं, तपासणं, साठवणं, नोंदी ठेवणं आणि ब्लॉकपर्यंत, म्हणजे जहाजाचा जो तुकडा बांधला जातोय तिथपर्यंत, पोहोचवणं, सगळं एकाच ठेकेदाराकडे आहे. वरिष्ठ म्हणतात सही कर, आणि तुझा हात अडतो आहे. 'गोदाम बाहेर द्यावं की नाही?' असं तू विचारतेस.

द्यावंच. त्यात घोळ घालू नकोस. जहाजाच्या कामात मालाची भरती-ओहोटी असते. आधी प्लेट आणि सेक्शन, मग पाइप, मग मशिनरी, केबल, शेवटी केबिनचं सामान. जहाज पाण्यात उतरलं की निम्मी शेड रिकामी. पाण्यालगतची जागा ब्लॉक जोडायला हवी. तिथे वर्षभर खोकी रचून ठेवणं हा यार्डाशी द्रोह आहे. छप्पर, ट्रेलर, फोर्कलिफ्ट, माणसं, सगळं बाहेरचं चालेल. पण वही आपली. कुठला माल आला, तो खरंच तोच आहे का, कुठे आहे, कुठल्या ब्लॉकसाठी आहे, ही नोंद बाहेर द्यायची नाही.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी अशाच एका करारावर सही केली होती. प्लेट कापल्यावर उरलेले तुकडे ठेकेदाराच्या गोदामात परत जायचे. हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या कुठल्या घाण्यातली प्लेट ते सांगणारा आणि सर्टिफिकेटशी जोडणारा आकडा, असतो प्लेटच्या एका कोपऱ्यात. तो कोपरा ज्या तुकड्यावर राहिला तो ओळखीचा, बाकीचे बेवारशी. कापतानाच प्रत्येक तुकड्यावर नंबर उतरवायला हवा होता. करारात ते कुणाचंच काम नव्हतं. काही महिन्यांनी त्याच ढिगातून ब्रॅकेट कापले गेले, वेल्ड झाले, आणि क्लासच्या, म्हणजे जहाजाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या, सर्व्हेयरने खडूने गोल करून विचारलं, 'याचं सर्टिफिकेट?' साध्या ए ग्रेड पोलादाची यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे कायमचं वाकण्याआधी ते सोसतं तो ताण, २३५ मेगापास्कल, जास्त मजबूत एएच३६ची ३५५. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. माझ्याकडे कागद नव्हता. ते सगळे ब्रॅकेट गाउजिंग करून, म्हणजे वेल्ड वितळवून उकरून, काढले. त्या गाउजिंगचा आवाज अजून कानात आहे.

ठेकेदार वाईट नव्हता, हे नीट समजून घे. त्याच प्रकल्पात पंप आठ महिने त्याच्याकडे होते. कोरडं छप्पर, कुलूप, पहारा, सगळं करारात लिहिल्याप्रमाणे. पण पंपाचा शाफ्ट ठरावीक दिवसांनी हाताने फिरवायचा असतो. नाहीतर बेअरिंगचा भार एकाच जागी बसून खुणा पडतात, ग्रीसही खाली उतरतं. मोटरच्या स्पेस हीटरला, म्हणजे ती बंद असताना आतून उबदार ठेवणाऱ्या छोट्या हीटरला, वीज जोडून ठेवायची असते, नाहीतर आत दमट हवा साचून इन्सुलेशन ढासळतं. मी करारात 'सुरक्षित साठवण' एवढे दोन शब्द लिहिले आणि सुटलो असं समजलो. त्याने कुलूप सांभाळलं. यंत्र सांभाळायला त्याला सांगितलंच कुणी नव्हतं! लो-हायड्रोजन इलेक्ट्रोडचंही, म्हणजे ओल चालत नाही अशा वेल्डिंगच्या कांड्यांचंही, तसंच. डबा उघडला की होल्डिंग ओव्हनमध्ये, किमान १२० अंश सेल्सिअसला. हे वहीत लिहायला लागतं, आणि वही आपली लागते.

गॅस्केटचं, म्हणजे पाइपच्या जोडातल्या गळती रोखणाऱ्या चकतीचं, तर अजून गंभीर. १ जानेवारी २०११ पासून सोलास या जहाज-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार कुठल्याही जहाजावर ॲस्बेस्टॉस असलेलं साहित्य नव्याने बसवायला बंदी आहे. गोदामातल्या माणसाने 'त्याच मापाचं दुसरं' काढून दिलं आणि त्यात ॲस्बेस्टॉस नसल्याच्या घोषणापत्राचा कागदच नसला, तर जबाबदार कोण? ठेकेदार नाही. जहाज आपण सुपूर्द करतो.

त्यानंतरच्या प्रत्येक प्रकल्पात मी ठेकेदाराच्या गोदामात आपली दोन माणसं बसवली. वरच्यांनी मला हट्टी म्हटलं, दुप्पट खर्च म्हटलं. त्या दोघांच्या पगाराचा आकडा दर बैठकीत माझ्यापुढे ठेवला जायचा. मी मागे हटलो नाही, आज पुन्हा तिथे उभा केलात तरी हटणार नाही. कापलेल्या ब्रॅकेटचा खर्च त्या बैठकीत कुणी मांडायचं नाही, कारण तो वेगळ्या खात्यावर पडायचा. मी बरोबर होतो, आणि हे सांगायला मला आता कसलाच संकोच वाटत नाही.

तेव्हा करार पुन्हा लिही. माल उतरताना पहिली तपासणी आपल्या माणसाची: खोकं उघडायचं, फोटो काढायचे, सर्टिफिकेट मालाशी जुळवायचं, मगच सही. जहाजाच्या मालकाने पुरवलेलं मशीन असेल तर दुप्पट काळजी; वाटेत मोडलं की गोदामात मोडलं, यावर पुढे वर्षभर भांडण चालतं. प्रत्येक वस्तूला ब्लॉकचा आणि झोनचा कोड आपल्या यादीतला, ठेकेदाराच्या संगणकातला नव्हे. रोजची नोंद आपल्या नमुन्यात आपल्याकडे यावी आणि करार मोडला तर ती अडकवून ठेवता येऊ नये. त्याचं काम किती ट्रेलर गेले यावर मोजू नकोस. फिटरने पॅलेट उघडल्यावर काय कमी निघालं, यावर मोज. व्हॉल्व्ह आला, बोल्ट नाहीत, तर तो पॅलेट पोहोचलाच नाही असं धर.

तू लिहितेस, 'मी नवीन आहे, माझं कोण ऐकणार?' असलं पुन्हा लिहू नकोस. त्या कागदावर सही तुझी मागताहेत ना? मग अट घालायचा हक्कही तुझाच. दमून गेली असशील हे कळतं मला. पण वही दिलीस तर पुढची दोन वर्षं झोप लागायची नाही.

सही करण्याआधी एक कर. त्या स्वस्त ठेकेदाराच्या गोदामात न सांगता जा. मांडणीवरचा कुठलाही एक व्हॉल्व्ह उचल आणि तिथल्या माणसाला विचार, हा कुणाचा आणि कुठे बसणार. काय उत्तर मिळालं ते त्याच दिवशी मला कळव, आणि कराराचं तपासणीचं पान सोबत पाठव. मी लाल शाईने परत पाठवतो.

सप्रेम