फळ्यावरची आकृती वहीत उतरवेपर्यंत मुलगी का विसरते?

फळ्यावरची आकृती नीट पाहूनही मान खाली घालताच मुलगी ती विसरते, हा बुद्धीचा दोष आहे का, असे आपण विचारले आहे. हा दोष मुळीच नाही. पाहिलेले काही क्षण मनात धरून ठेवणाऱ्या दृश्य कार्यकारी स्मृतीत जागाच फार थोडी असते; लक आणि व्होगेल या मानसशास्त्रज्ञांच्या १९९७ च्या प्रयोगांत प्रौढांनाही एका वेळी साधारण चारच रंगीत चौकोन लक्षात ठेवता आले.

त्या जागेत काय शिरेल, हे लक्ष ठरवते. व्होगेल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मेंदूच्या विद्युत नोंदींवरून दाखवले की, ज्यांची ही स्मृती तोकडी दिसते, ते पुष्कळदा नको असलेल्या वस्तूही सोबत साठवत असतात. मला हा शोध फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे मुलांवरचा मंदपणाचा शिक्का पुसला जातो.

यवतमाळकडच्या आमच्या गावात शाळा रस्त्याला लागूनच आहे. कापसाच्या हंगामात भरलेली गाडी खिडकीसमोरून गेली की माना तिकडे वळतात, आणि वहीत जास्वंदाच्या पाकळ्या उतरतात, पुंकेसर मात्र राहून जातात.

आपल्या मुलीला खिडकीपासून दूर बसवावे आणि एका वेळी आकृतीचा एकच भाग पाहून काढू द्यावा. चित्र नजरेआड होताच ‘आता फक्त पुंकेसर आठव’ असे सांगितले, तरी तेवढा भाग अधिक चांगला टिकतो, कारण लक्ष आठवणीच्या आतही वळवता येते.