स्पेनमधल्या सिएरा नेवाडाला पहिल्यांदा स्कीइंगला जाताय? मग एवढं सांभाळा

बेत झकास आहे. 1996ची अल्पाइन, म्हणजे उतारावरच्या स्कीइंगची, जागतिक स्पर्धा इथेच झाली. खरं तर ती 1995ची, पण बर्फानेच दगा दिला म्हणून वर्षभर पुढे गेली. तुमचा मुक्काम प्रादोल्यानोला, म्हणजे उतारांच्या पायथ्याच्या वस्तीत, साधारण 2100 मीटर उंचीवर. शिकायचं मात्र गोंडोलाने (तारेवरून जाणाऱ्या बंद पाळण्याने) वर जाऊन, बोर्रेगिलेसच्या सौम्य उतारांवर.

सगळ्यात आधी बूट. दोन जाड मोजे घालून पाय उबदार राहतात, हा गैरसमज. एकच पातळ, लांब मोजा घाला. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की सुटावीत आणि टाच उचलली जाऊ नये. दुखत असेल तर भाड्याच्या दुकानात बेधडक परत जा, बदलून देतात.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- भीतीने मागे रेलतात. मग स्की ऐकतच नाही. नडग्या बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेल्या हव्यात.
- मित्राकडून शिकतात. पहिले दोन दिवस शिक्षकच घ्या, मैत्रीही टिकेल.
- उन्हाला हसतात. मीही हसलो होतो. बर्फावरून उलटून आलेल्या उन्हाने नाकपुड्यांची खालची कातडी सोलली! हनुवटीखालीही सनस्क्रीन लावा.

मार्चमध्ये सकाळी बर्फ दगडासारखा असतो, अकराच्या सुमारास मऊ होतो आणि दुपारनंतर त्याचा चिखल. पाय थरथरायला लागले की खाली गोंडोलानेच या. त्यात कसली लाज?

काठ्या, वळणांचे प्रकार, स्वतःची स्की विकत घेणं, हे सगळं पुढच्या खेपेला बोलू.