अर्मेनियन की डॅनिश?

प्रश्न : मी कराडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय संस्कृत. जर्मनची बी-१ परीक्षा पास झाले आहे. आता आमच्याकडे कोणी शिकत नाही अशी आणखी एक भाषा घ्यायची आहे. अर्मेनियन आणि डॅनिश या दोन मनात आहेत. इंटरनेटवरच्या एका तक्त्यात डॅनिश सोपी आणि अर्मेनियन अवघड दाखवली आहे. बाबा म्हणतात, जिच्यामुळे नोकरी लागेल ती घे. पुढे मला भाषाविज्ञान करायचं आहे. कोणती निवडू?

उत्तर : तू पाहिलेला तक्ता बहुधा अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या आकड्यांवरून केलेला असावा. त्यांच्या हिशेबाने डॅनिशला साधारण ६०० ते ७५० तास लागतात, अर्मेनियनला ११००. पण तो हिशेब घरात इंग्रजी बोलणाऱ्यांचा आहे. तुझ्या जिभेवर मराठी आहे आणि संस्कृत तू शिकते आहेस. तुझे तास वेगळे भरणार.

अर्मेनियनची भीती आधी लिपीची वाटते. इसवी सन ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स यांनी ती घडवली. तेव्हा ३६ अक्षरं होती, आज ३९ धरतात. पंधरा दिवसांत वाचता येईल, कारण बरंचसं जसं लिहितात तसंच उच्चारतात. खरी मजा त्यापुढे आहे. प, फ, ब हे तीन वेगळे आवाज आहेत हे इंग्रजी माणसाला शिकवावं लागतं, तुला नाही. चमच्यातला च आणि चंद्रातला च वेगळे, तसे ते अर्मेनियनमध्येही वेगळे, आणि त्यांना अक्षरंही स्वतंत्र. भ आणि घ मात्र तिथे नाहीत. विभक्त्या सात मानतात, म्हणजे स-ला-ते पाठ केलेल्या मुलीला घाबरायचं कारण नाही. ‘वर’, ‘खाली’ हे शब्द बहुतेक वेळा नामाच्या मागून येतात, आपल्यासारखेच. लिंग अजिबात नाही. ‘तो’ आणि ‘ती’ दोन्हींना ‘ना’ हा एकच शब्द. इराणी भाषांतून आलेले शब्दही भरपूर. हजाराला तेही ‘हजार’च म्हणतात, फक्त ज थोडा ‘झ’कडे झुकतो.

एक गोष्ट मात्र वर्ग लावण्याआधी विचारून घे : पूर्वेकडची अर्मेनियन की पश्चिमेकडची? अर्मेनिया आणि इराणात पूर्वेकडची चालते. लेबनॉन, इस्तंबूल आणि अमेरिका-फ्रान्समधल्या जुन्या वसाहतींत पश्चिमेकडची. युनेस्कोने ती धोक्यातल्या भाषांत धरली आहे. एकाच नावाचा उच्चार पूर्वेला ‘पेत्रोस’, पश्चिमेला ‘बेद्रोस’. तू पूर्वेकडचीच घे. प-फ-ब ही तिहेरी वाटणी तिथेच टिकली आहे, आणि शिकण्याचं साहित्यही तिचंच जास्त आहे.

डॅनिश कागदावर खरंच सोपी आहे. क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलत नाही : मी, तू, आम्ही, सगळ्यांना एकच रूप. जर्मनची तीन लिंगं पार केलेल्या तुला इथली दोन काहीच नाहीत. अडचण कानाची आहे. स्वर ढीगभर, निम्मी व्यंजनं गिळलेली, आणि घशात एक बारीक अडकाव, ज्याला ते ‘स्टोड’ म्हणतात. ‘ती’ आणि ‘कुत्रा’ या शब्दांत फरक फक्त त्या अडकावाचा. आकडे ऐकून इंग्रजी माणूस वैतागतो, पण तुला हसू येईल. पन्नासाला ते मुळात ‘अडीच विसा’ म्हणतात, सत्तरला ‘साडेतीन विसा’, नव्वदला ‘साडेचार विसा’. शिवाय एकक आधी, दशक मागून, आपल्या त्रेपन्न-चोपन्नसारखं. डॅनिश आली की नॉर्वेजियन पुस्तक जवळपास तसंच वाचता येतं, हा वरचा फायदा.

आता बाबांचा प्रश्न. भारतात बसून पगार मिळेल अशी या दोन्हींपैकी एकही भाषा नाही. मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचं पुण्यात मोठं केंद्र आहे खरं, पण तिथलं काम इंग्रजीत चालतं. डेन्मार्कमध्ये जाऊन राहणार असशील, तर मात्र डॅनिशवाचून पान हलत नाही : डॉक्टर-नर्सना परवान्यासाठी ती लागते आणि कायमच्या वास्तव्यालाही परीक्षा द्यावी लागते. पण तिथे रीतसर राहायला गेलेल्या परदेशी माणसाला तिथली नगरपालिकाच डॅनिशचे वर्ग पुरवते. तेव्हा ती इथून पैसे भरून शिकायची घाई कशाला? अर्मेनियाशी आपला संरक्षण व्यवहार वाढला आहे. पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेली पिनाक रॉकेट प्रणाली अर्मेनियाने घेतली. पण त्यावरून दुभाष्याच्या जागांची स्वप्नं रंगवू नकोस.

म्हणून घर चालवणारी भाषा तुझी जर्मनच. ती बी-२, मग सी-१ पर्यंत ने. हे बाबांनाही दाखव, त्यांचा जीव भांड्यात पडेल.

दुसरी भाषा मग आवडीची, आणि तुझ्या बाबतीत मी अर्मेनियनच सांगेन. संस्कृत, जर्मन आणि अभिजात अर्मेनियन, म्हणजे ज्याला ‘ग्राबार’ म्हणतात, हे त्रिकूट इंडो-युरोपीय, म्हणजे या तिन्ही भाषा ज्या एका कुळातल्या त्या कुळाच्या तौलनिक भाषाविज्ञानात थेट कामाचं आहे. अर्मेनियन ही इराणी भाषांची शाखा नव्हे, स्वतंत्र शाखा आहे, हे ह्युब्शमान या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १८७० च्या दशकात दाखवलं. त्याच दशकात कार्ल व्हेर्नर या डॅनिश माणसाने जर्मानिक भाषांतलं, म्हणजे जर्मन-इंग्रजी-डॅनिशच्या शाखेतलं, एक कोडं वैदिक स्वराघातांच्या (उदात्त-अनुदात्ताच्या) आधारे सोडवलं. दोघांचे लेख जर्मनमध्ये आहेत, तू ते मुळातून वाचू शकशील. या विषयात जागा मोजक्याच असतात, हेही आत्ताच ऐकून ठेव. पदवीनंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचं एम.ए. कर आणि जर्मन विद्यापीठांकडे नजर ठेव. कोपनहेगनलाही या विषयाची जुनी परंपरा आहे, पण युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथे फी पडते.

आधी बी-२ चा फॉर्म भर. अर्मेनियनला रोज अर्धा तास पुरे : पहिला महिना लिपी आणि उच्चार, मग छोटी वाक्यं. एजीबीयू या अर्मेनियन संस्थेचे ऑनलाइन वर्ग आहेत, त्यात पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची असे पर्याय वेगळे असतात, तेवढं बघून नाव घाल. ग्राबारला एम.ए.च्या पहिल्या वर्षाआधी हात लावू नकोस.