'ड'ला जागा ठेवा

प्रश्न : मी भाषांतराचं काम करते. बारा वर्षं इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाणित कळरचनेत, टाइप करतेय. हल्ली संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात. भाचा म्हणतो, दोन भागांचा कीबोर्ड घरीच बनव, 42 कळांचा 'कॉर्न' सोपा आहे. मी कधी सोल्डरिंग केलेलं नाही. जमेल का? आणि त्यावर मराठी उमटेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, मराठी उमटेल. कीबोर्ड 'क' पाठवतच नाही. अमुक कळ दाबली, एवढंच तो संगणकाला कळवतो. तिचा 'क' करायचा की इंग्रजी 'के', हे संगणक ठरवतो. हाताला मुंग्या येत असतील, रात्री बोटं बधिर होत असतील, तर मात्र आधी डॉक्टरांकडे जा.

सोल्डरिंगची इस्त्री तापवण्यापूर्वी एक फुकटचा प्रयोग करा. घरातला एखादा जुना कीबोर्ड त्याच संगणकाला जोडा. डावा हात एकावर, उजवा दुसऱ्यावर, मध्ये खांद्याएवढं अंतर. विंडोजवर एकीकडची शिफ्ट दुसरीकडच्या कळेलाही लागू पडते. आठ दिवस असं काम करून बघा. खांदे सैलावले नाहीत, तर पुढचा खर्च वाचला.

इनस्क्रिप्टवाल्यांना ही विभागणी मानवते. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. खोड एकच: म, न, व डावीकडे राहतात. 'व' असतो बीच्या कळेवर, आणि मी तो जन्मभर उजव्या तर्जनीने मारत आलो होतो. पहिले दोन आठवडे ते बोट मधल्या मोकळ्या जागेत, थेट टेबलावर आपटायचं. घरच्यांची छान करमणूक झाली.

आता त्या 42 कळा. भाच्याचं इंग्रजी त्यात भागत असेल, आपलं भागत नाही. पीच्या शेजारी 'ड' हवा. 'डॉक्टर'मधला ऑ-कार उलट्या तिरक्या रेघेच्या कळेवर, 'कृपा'मधला ऋ-कार बरोबरच्या चिन्हावर. शिफ्ट धरून 5, 6, 7 दाबले की ज्ञ, त्र, क्ष. कॉर्नला आकड्यांची ओळच नाही. हे सगळं अंगठ्याने आणखी एक कळ दाबून धरून काढावं लागतं. मी काढून पाहिलं. 'विज्ञानक्षेत्र' लिहिताना माणूस वैतागतो.

तुम्ही 58 कळांचा 'सोफल' करा, तोही दोन भागांचाच कीबोर्ड. त्यात आकड्यांची ओळ आहे. पीच्या उजवीकडे एकच कळ मिळते, तिथे 'ड' बसवा आणि बॅकस्पेस अंगठ्याकडे द्या. शून्याच्या पुढे ऋ-कार, ऑ-कारही अंगठ्यापाशी. 'व्हाया' नावाच्या प्रोग्रॅममध्ये ही अदलाबदल माउसने होते, कोड लिहावा लागत नाही. प्लेट, म्हणजे कळा ज्यावर बसतात तो सर्किट बोर्ड, मागवण्याआधी तिचा आराखडा मूळ मापात कागदावर छापा, त्यावर हात ठेवा आणि 'डॉक्टरांकडे' हा शब्द बोटांनी लिहून बघा. करंगळी कुठवर ताणते ते लगेच कळेल.

सोल्डरिंगचं भय नको. खरी किचकट गोष्ट म्हणजे तांदळाच्या कणीएवढे साठेक डायोड, वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग. प्रत्येकावर बारीक पट्टी असते, ती प्लेटवरच्या खुणेशी जुळवायची. एखादा उलटा लागलाच तर तेवढी कळ मुकी राहते, बाकी चालतात. स्विचसाठी सॉकेट लावा, म्हणजे पुढे स्विच नुसता उपटून बदलता येतो. दोन भागांना जोडणारी वायर मात्र यूएसबी चालू असताना कधीही काढू नका. हेडफोनसारखी ती पिन, निघताना आतले भलतेच संपर्क एकमेकांना टेकवते. माझा एक कंट्रोलर, म्हणजे कीबोर्ड चालवणारा छोटा बोर्ड, असाच गेला, चहा आणायला उठताना वायरीत पाय अडकला म्हणून.

पाचापेक्षा कमी प्लेटा सहसा कुणी बनवून देत नाही. लागतात दोन, उरतात तीन. उरलेल्यांतल्या एकीवर आधी स्वतः हात साफ करा. भाच्याला डायोड मोजायला बसवा.