होणारा नवरा माल्टात नोकरीला आहे. तीन आठवडे त्याला भेटायला जायचंय. व्हिसा, राहणं, सामान यांचं कसं करावं?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: साखरपुडा झालाय, लग्न पुढच्या वर्षी आहे, तो माल्टात रुग्णालयात नर्स आहे आणि इमसीदाला दोन मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. तुम्ही पुण्यात नोकरी करता आणि दिवाळीनंतर तीन आठवडे जायचा विचार आहे.

व्हिसाच्या आधी एक काम करा. त्याच्याकडून नोव्हेंबरचा ड्युटीचा तक्ता मागवा, निदान अंदाज तरी. माल्टात रजा दिवसांऐवजी तासांत मोजतात, आणि बारा तासांची पाळी असेल तर एका दिवसाच्या रजेत बारा तास खर्ची पडतात. त्याला सलग तीन आठवडे सुट्टी मिळेल हे विसरा. तुम्ही त्याच्या रोजच्या आठवड्यात जाऊन राहणार आहात. तारखा, घर, फिरणं सगळं त्याच हिशेबाने ठरवा. रात्रपाळ्यांचा आठवडा टाळता आला तर टाळा, कारण रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसभर झोपतो आणि अनोळखी फ्लॅटमध्ये तुम्ही पाय न वाजवता वावरत बसता. पहिलं भांडण बहुतेक त्यावरूनच होतं.

आता व्हिसा. माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे एकच सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. तुम्हाला कमी मुदतीचा शेंगेन व्हिसा लागेल, म्हणजे कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, शंका आली तर ४५ पर्यंत जातात. त्यामुळे नोव्हेंबरसाठी ऑगस्टअखेरीस कागद तयार ठेवा. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, दोन पानं कोरी, आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा हवा. विमा किमान ३०,००० युरोंचा, संपूर्ण शेंगेनला आणि सगळ्या दिवसांना लागू होणारा. परतीचं विमान मध्यरात्रीनंतरचं असतं आणि विमा आदल्या दिवशी संपतो, ही चूक फार होते. दोन दिवस जास्तीचे घ्या.

अनेक एजंट सांगतात, ‘होणाऱ्या नवऱ्याचं नाव काढू नका, पर्यटन लिहा, हॉटेलचं बुकिंग दाखवा.’ माझा याला सक्त विरोध आहे. इमिग्रेशनवाल्याने विचारलं की कुठे राहणार, कोण न्यायला आलंय, तर तिथे गोष्ट फाटते आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला ते चिकटतं. खरं लिहा: परिचिताला भेटायला जाते आहे, तो माझा होणारा नवरा आहे, खर्च असा भागणार आहे. अधिकाऱ्याच्या मनात शंका एकच असते, ही परत येईल का? मग फाइल त्या शंकेचं उत्तर म्हणून रचा. कंपनीचं रजामंजुरीचं पत्र (रुजू होण्याच्या तारखेसह), पगाराच्या पावत्या, आयकर विवरण, बँकेचं खातेपत्रक. खात्यात अर्जाच्या आठवडाभर आधी बाबांनी दोन लाख टाकले तर ते लगेच डोळ्यांत येतं. टाकायचेच असतील तर सोबत त्यांचं दोन ओळींचं पत्र जोडा. आणि तुमच्याकडे एक पुरावा आहे जो लोक विसरतात: मंगल कार्यालयाची आगाऊ रक्कम भरल्याची पावती. पुढच्या वर्षीची तारीख, तुमचं नाव, गाव पुणे. परत येण्याचं याहून चांगलं कारण कुठलं? ती इंग्रजी भाषांतरासह लावा.

पैशांच्या बाबतीत माल्टाचा संदर्भ आकडा, म्हणजे व्हिसासाठी दाखवायची रक्कम, दिवसाला ४८ युरो असा आहे. तीन आठवडे म्हणजे २१ दिवसांचे साधारण हजार युरो होतात. राहणं यजमानाकडे असलं तरी तेवढे खात्यात दिसावेत.

त्याच्याकडून लागणारे कागद: यजमानाचं सही केलेलं घोषणापत्र, त्याच्या निवासी कार्डाची प्रत, नोकरीचं पत्र, आणि घराचा भाडेकरार. अडतं ते या भाडेकरारापाशी. तिथे घरभाड्याचे करार सरकारकडे नोंदवावे लागतात. तिघांचा फ्लॅट असेल तर करार एकाच्याच नावावर असू शकतो आणि तुमचा होणारा नवरा कागदावर तिथे राहतच नसतो. हे आत्ताच विचारून घ्या. करारात पाहुण्याबद्दल अट असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या. मालक कुरकुरला तर सरळ जवळपास छोटं घर किंवा गेस्टहाउस घ्या आणि अर्जात तेच दाखवा. नोव्हेंबरमध्ये उन्हाळ्यापेक्षा भाडी बरीच उतरतात. हॉटेलवाले लग्नाचा दाखला मागत नाहीत, ती काळजी सोडा.

खरं तर कागद जुळत असले तरी मी वेगळं घर घ्या असंच सांगेन, निदान पहिल्या आठवड्यासाठी. तिघांच्या फ्लॅटमध्ये एक न्हाणीघर, एक शेगडी, आणि दोन मित्र जे तुमच्या समोर अवघडतात. पुण्यातल्या घरच्यांना ‘वेगळी खोली घेतली आहे’ हे सांगणंही सोपं जातं.

मुंबईहून थेट विमान नाही. दुबई किंवा इस्तंबूलमार्गे गेलात तर इमिग्रेशन माल्टातच होतं. फ्रँकफर्ट किंवा रोममार्गे गेलात तर ते तिथे होतं, कारण शेंगेनचं दार तुम्ही तिथेच ओलांडता. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने नवी नोंदणी सुरू झाली आहे. त्यात पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात. पहिल्या खेपेला वेळ लागतो, म्हणून तिथे विमान बदलायचं असेल तर तीन तास तरी हाताशी ठेवा. सगळे कागद हातातल्या पिशवीत, छापील.

सामानाकडे नीट लक्ष द्या, कारण मराठी घरात इथेच गडबड होते. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, घरच्यासाठीसुद्धा नाही. पेढे, बर्फी, खवा, चक्का, आणि हो, आईने कढवलेलं तूपसुद्धा. ताजी फळं, भाज्या, पानं यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे ताजा कढीपत्ता घरीच ठेवा. त्या नियमातून नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन सुटतात. नारळ चालतो पण कढीपत्ता नाही, असा हा मजेदार कायदा. मासळीला मात्र वीस किलोपर्यंत सूट आहे, म्हणजे सुके बोंबील आणि सोडे कायद्याने नेता येतात. वासाचा बंदोबस्त तुम्ही करा: दोन जाड पिशव्या, मग घट्ट झाकणाचा डबा, आणि तो डबा कपड्यांपासून लांब. चकली, शेव, चिवडा, मेतकूट, आमसुलं, पापड, मसाले यांना अडचण नाही. लोणच्याच्या बरणीच्या झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घाला.

दुबईमार्गे जाणार असाल तर खसखस अजिबात नको. तिथे ती अमली पदार्थांत मोडते. दिवाळीनंतर जाताय म्हणजे डब्यात अनारसे येणार, आणि अनारशावर खसखस असते. काही घरांच्या मसाल्यातही ती असते, आईला विचारून घ्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉलसुद्धा त्या वाटेने नेऊ नका. बाकी औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. माल्टात रविवारी सगळी औषधाची दुकानं उघडी नसतात, पाळीपाळीने काहीच उघडतात.

प्लग ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पायांचे आहेत. आपले गोल पायांचे प्लग बसत नाहीत, दोन अडॅप्टर घ्या.

कपड्यांबद्दल लोक फसतात. नोव्हेंबरात बाहेर दिवसा वीसेक अंश असतात, स्वेटरही लागत नाही. पण घरं चुनखडीच्या दगडाची, जमिनीला फरशी, आणि गरम करायची सोय बहुतेक ठिकाणी नाही. हवा दमट, त्यामुळे रात्री घरात बाहेरपेक्षा जास्त गारठा वाटतो. जाड जॅकेटऐवजी लोकरीचे मोजे, घरात घालायच्या चपला आणि एक पातळ शाल न्या. धुतलेले कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा लवकर वाळणारे घ्या. शरदातल्या पहिल्या मोठ्या पावसात इमसीदा आणि बिरकिरकारा या सखल भागांत रस्त्यावरून पाणी वाहतं. कापडी बूट त्या दिवसापुरते बाजूला.

नळाचं पाणी प्यायला सुरक्षित आहे, पण त्यातलं निम्म्याहून अधिक समुद्राचं पाणी गोडं करून केलेलं असतं आणि चव खारट लागते. चहा बिघडतो तो यामुळे, पावडरमुळे नाही. चहाला बाटलीचं पाणी वापरा. बाटलीमागे १० सेंट अनामत असते, रिकाम्या बाटल्या यंत्रात टाकून परत मिळते. त्या चेपू नका, यंत्र चेपलेली घेत नाही. कचऱ्याच्या पिशव्याही ओला, सुका, उरलेला अशा वेगळ्या रंगांच्या आणि ठरलेल्या वारी बाहेर ठेवायच्या. हे पहिल्या दिवशीच विचारून घ्या. पाहुणी म्हणून फ्लॅटमधल्या मित्रांचं मन जिंकायचं तर वार चुकवायचा नाही.

फिरायला बस पुरते. हिवाळ्यात तिकीट २ युरो, उन्हाळ्यात अडीच, आणि त्यावर दोन तासांत बस बदलता येते. होणाऱ्या नवऱ्याला रहिवासी म्हणून स्वतःच्या नावाच्या कार्डावर बस फुकट आहे, पण त्याचं कार्ड तुमच्यासाठी चालत नाही. थांब्यावर हात दाखवावा लागतो. भरलेली बस न थांबता निघून जाते, म्हणून सकाळी वेळ जास्त धरा.

गावांची नावं वाचताना एक गंमत लक्षात ठेवा. माल्टी लिपीत एक्सचा उच्चार ‘श’ होतो. आग्नेयेकडून येणाऱ्या दमट वाऱ्याचं नाव आहे ‘श्लोक’, आणि त्याच नावावरून मासेमारीचं बंदर मार्साश्लोक. तिथला बाजार रविवारी सकाळी भरतो. त्याला रविवार सुट्टी असेल तर तिथेच जा. समोर मासळी, मागे रंगीत होड्या, कोकणातल्या माणसाला लगेच घरच्यासारखं वाटेल.

त्याची ड्युटी असेल त्या दिवशी तुम्ही एकट्याने राजधानी व्हॅलेटा पालथं घाला. शहर एवढं छोटं आहे की हरवायला जागा नाही. गोझो या शेजारच्या बेटावर मात्र दोघांनी जा, आणि एका मुक्कामाला. चिरकेव्वाहून फेरी २५ मिनिटांत पोचते, पैसे येताना घेतात, ४.६५ युरो. व्हॅलेटाहून जलद बोट ४५ मिनिटांत नेते, पण ईशान्येचा वारा सुटला की ती रद्द होते. म्हणून गोझो परतीच्या आदल्या दिवशी ठेवू नका. हाल साफ्लिएनीचं भुयारी स्मारक बघायचं असेल तर दिवसाला फक्त ८० माणसं सोडतात. तिकीट व्हिसा हातात आल्या दिवशीच काढा.

शाकाहारी असाल तर पास्तिझी या तिथल्या सारण भरलेल्या खाऱ्या पदार्थात वाटाण्याचं किंवा रिकोटाचं सारण असतं, पण पारीच्या पिठात डुकराची चरबी असू शकते. घेण्याआधी विचारा.

परत आल्यावर बोर्डिंग पास आणि तिकिटं फेकू नका. आता पासपोर्टवर शिक्का नसेल, त्यामुळे वेळेत परतलात याचा तुमच्या हातातला पुरावा तोच. तीन वर्षांत असे दोन शेंगेन व्हिसा नियमाने वापरले की पुढे भारतीयांना साधारणपणे दोन वर्षांचा, कितीही वेळा ये-जा करता येणारा व्हिसा मिळू शकतो. २०२४ च्या एप्रिलपासून तसा नियम आहे. लग्नानंतर तिकडे कायम राहायला जाण्याचे कागद होईपर्यंत तोच उपयोगी पडेल.