शेक कुठल्या मशीनवर घ्यावेत?

प्रश्न : माझ्या थोरल्या दिरांना घशाच्या कॅन्सरसाठी शेक (म्हणजे रेडिएशन, किरणोपचार) घ्यायला सांगितले आहेत. एका रुग्णालयाने आयएमआरटी, दुसऱ्याने व्हीमॅट, तर तिसऱ्याने टोमोथेरपी सुचवली असून खर्चात बराच फरक आहे. जास्त पैसे भरले तर गुण अधिक येईल का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : ही तीन वेगळ्या उपचारांची नावे नसून एकाच प्रकारचे किरण देण्याच्या तीन रीती आहेत. आयएमआरटीत मशीन ठरावीक कोनांवर थांबून किरण सोडते, व्हीमॅटमध्ये रुग्णाभोवती फिरता फिरता सोडते आणि टोमोथेरपीत पलंगही सरकत असल्याने किरण मळसूत्रासारखे उतरतात. गाठीला मिळणारा डोस तिन्हींत तोच, बहुधा सात आठवड्यांत ३५ वेळा मिळून ७० ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजण्याचे एकक). व्हीमॅटचे रोजचे काम लवकर उरकते, एवढी सोय मात्र खरी.

खरे अंतर आहे ते किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त न करता देण्याच्या जुन्या पद्धतीत आणि या तिन्हींत. ब्रिटनमधील पारस्पोर्ट चाचणीत (२०११) वर्षभरानंतरही तोंड त्रासदायक कोरडे राहिलेल्यांचे प्रमाण जुन्या पद्धतीत ७४ टक्के, तर आयएमआरटीत ३८ टक्के आढळले, कारण कानापुढच्या लाळग्रंथी बऱ्याच अंशी वाचवता आल्या. त्यामुळे या तिन्हींपैकी जे परवडेल ते निःशंक घ्यावे. नावासाठी शेत गहाण टाकण्याचे कारण मला दिसत नाही. डॉक्टरांना एवढे जरूर विचारा, की निदान एका बाजूच्या लाळग्रंथीचा सरासरी डोस २६ ग्रेच्या आत ठेवता येईल का.

मशीनपेक्षा खाडे अधिक नडतात. मध्येच खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात, म्हणून गणपतीसाठीही शेक बुडवू नयेत आणि रोज घाट चढण्याउतरण्यापेक्षा रुग्णालयाजवळच खोली घ्यावी. शेक घेताना डोके हलू नये म्हणून गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवलेला जाळीदार मास्क वजन घटल्यावर सैल होतो. हनुवटीपाशी बोट शिरू लागले तर त्याच दिवशी टेक्निशियनला सांगावे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड आले की सोलकढी आणि तिखट आमटी बंद करून उकड्या तांदळाची पेज, दूध, अंडी यांवर वजन टिकवावे.

दात मात्र आताच दाखवून घ्या. काढायचे असतील ते शेक सुरू होण्याच्या दोनेक आठवडे आधी काढावेत, कारण शेकलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही.